चकत्यांचं पीठ

त्या वर्षी गव्हावर तांबेरा पडला. पडला म्हणजे असा पडला, की ओंबीवरून हात फिरवला तर तळहात विटकरी व्हायचा, आणि आतला दाणा म्हणाल तर जिऱ्याएवढा. सहा पोत्यांच्या जागी दीड पोतं घरात आलं आणि त्यातही निम्मा कोंडा. आमचे हे खळ्याच्या कडेला बसून नुसते त्या पोत्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बघून वाढणार आहे का ते? उचला, ऊन चढतंय." त्यांनी उचललं. आमच्या ह्यांना बोलायला सांगा, नाही जमणार. ओझं सांगा, दोन उचलतील.

आमच्या घरात गहू नुसता खायला लागत नाही. सासूबाई देवळासाठी चकत्या करतात. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर पातळ, पांढरी, गोल चकती दोन्ही हातांत धरून वर उचलतात आणि मग एकेकाच्या जिभेवर ठेवतात ना, ती. वर उचलली की ती येशूचं शरीरच होते, असं देवळातले मानतात. त्यांच्या सासूने केल्या, तिच्या सासूने केल्या. गहू आणि पाणी, तिसरं काही नाही. मीठ नाही, तेलाचा थेंब नाही, आंबवणाचं तर नाव काढायचं नाही. लांब दांड्यांचा लोखंडी साचा निखाऱ्यांवर तापवायचा, पळीभर पातळ पीठ सोडायचं, दाबायचं, उलटायचं, आणि पापुद्रा निघाला की ठशाने गोल कापायचा. सोपं वाटतं. तासाभरात मनगटं भरून येतात आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात. चाळीस वर्षांच्या त्या धुराने सासूबाईंचे डोळे पार अधू झाले होते. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायच्या, साच्याजवळ मात्र मला फिरकू द्यायच्या नाहीत.

कारण मी टाळीवाल्यांची. देवळातले लोक आम्हाला टाळीवाले म्हणतात, आम्ही टाळ्या वाजवून गातो म्हणून. आम्ही त्यांना मेणबत्तीवाले म्हणतो. येशू दोघांचा एकच, पण त्याच्यावरून भांडायची वेळ आली की एकाचे दोन होतात. आमच्याकडे फादर नाही, मूर्ती नाही. माझे वडील सुतार, तेच उपदेश करतात. महिन्यातून एकदा भाकर मोडतो, ती ज्याच्या घरी असेल त्याच्या घरची, कशाचीही. त्याची आठवण काढायची आणि खायची, झालं. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या लोकांच्या कपाळावरच्या आठ्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत. एकटे सासरे तेवढे हसत होते. म्हणाले, "पोरगी तिच्याकडे जाईल, आपण आपल्याकडे जाऊ. जेवायला सगळे एका घरात आले म्हणजे मिळवली." त्या वाक्यावर मी नऊ वर्षं त्या घरात सुखाने राहिले.

तेच बाबा त्या उन्हाळ्याच्या तोंडाला अंथरुणाला खिळले. पोटात गाठ होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि ह्यांना बाहेर नेऊन काय ते सांगितलं. मला म्हणाले, "गव्हाची पातळ पेज द्या. दुसरं काही सोसायचं नाही."

गव्हाची पेज! घरात आम्ही सगळे कंदाचं पीठ खात होतो. माझ्या माहेरी पडीक जमिनीवर कंद होतो, त्याचे काप वाळवून दळतात. पीठ पांढरंशुभ्र दिसतं, पण पोटात दगडासारखं बसतं. बाबांना एकदा दिलं, तर रात्रभर गुडघे छातीशी घेऊन कण्हत होते. आणि फडताळात गव्हाच्या पिठाचा डबा होता, भरलेला. दीड पोत्यातला निवडून निवडून काढलेला दाणा, तलम फडक्यातून दोनदा चाळलेलं पीठ. चकत्यांचा डबा. सासूबाईंनी आधी तो भरला होता आणि मग उरलेला कोंडा घरासाठी ठेवला होता.

मी म्हटलं, "आई, ह्यातलं वाटीभर बाबांना घेऊ का?"

"ते देवाचं आहे."

"देवाला भूक नाही लागत. बाबांना लागते."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांचे पाय चेपता चेपता म्हणाल्या, "हे मी तुला शिकवायचं, का तू मला? त्यांना विचार, ते तरी घेतील का."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा नाहीच म्हणाले असते. सासूबाई दिवसभर त्यांच्या उशाशी असायच्या, त्यामुळे साचा पहिल्यांदा माझ्या हाती आला होता. डबाही माझ्याच हाती. मी वाटीभर गव्हाचं पीठ काढलं आणि वाटीभर कंदाचं डब्यात टाकलं. पांढऱ्यात पांढरं. पेज केली, बाबांना चमच्याने पाजली. टिकली पोटात. दुपारी त्यांनी डोळे उघडून चक्क माझी चेष्टा केली, "सूनबाई, आज टाळ्या नाहीत वाटतं?" मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक वाटी काढली. मग रोजच, वरचा कंद सारून खालून गहू काढायचा.

मला काही वाटलं का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, नाही वाटलं. भाकर ती भाकर. एका माणसाच्या पोटात जातंय ना, मग येशू काय रागावणार आहे? उलट तो स्वतः म्हणाला असता, वाढ बाई. असं मला वाटत होतं. दोन महिन्यांत डब्यात निम्म्याहून जास्त कंदाचं पीठ झालं. चकत्या इतक्या पांढऱ्या आणि कुरकुरीत निघायला लागल्या, की फादरनी निरोप धाडला, यंदाचं काम छान आहे. सासूबाई निरोप ऐकून पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

बाबा एका मंगळवारी गेले. सकाळी फादरना बोलावणं गेलं, ते दहाच्या सुमाराला मोटरसायकलवरून आले. धुळीने माखलेले, तरुण, दोन रात्री न झोपल्यासारखे. बाबांना तेल लावलं, प्रार्थना म्हटली आणि आदल्या रविवारच्या मिस्सेतली एक चकती मोडून तिचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. बाबांना गिळवेना. सासूबाईंनी पाण्याचं बोट ओठांना लावलं. गिळला. दुपारी बारा वाजायच्या आत श्वास थांबला.

मी तिथेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही. काय म्हणावं मला.

पुढे महिनाभर सासूबाईंनी घरात आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली. "शेवटी शेवटी पाणीसुद्धा टिकत नव्हतं. पण तो तुकडा टिकला बघा. पोटात देव घेऊन गेले." हे सांगताना त्या रडायच्या नाहीत. हे सांगत होत्या म्हणूनच रडत नव्हत्या. कुणी आलं नाही तर मला सांगायच्या. मी भांडी घासत "हो" म्हणायचे, आणि डब्यातला कंद आठवून घासलेलंच भांडं परत घासायला घ्यायचे.

महिना झाल्यावर त्या म्हणाल्या, "चल, साचा काढ. आता मी करते."

मी म्हटलं, "मी करते ना, तुमचे डोळे—"

"डोळ्यांनी नाही करत मी. हाताने करते."

त्यांनी डबा घेतला, परातीत पीठ काढलं, पाणी घातलं. दोनदा हात फिरवला आणि थांबल्या. परत फिरवला. पिठाला ताणच येईना. बोटांतून तुटून पडत होतं. त्यांनी साच्यावर एक पळी सोडली, पापुद्रा काढला, कानाजवळ नेऊन मोडला. मग एक तुकडा जिभेवर ठेवला. निखाऱ्यावर रिकामा साचा तापून लाल होत होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

ताकास तूर लागू न देता चार खोट्या गोष्टी सांगता आल्या असत्या. उंदीर, ओल, गिरणीवाल्याची चूक. पण त्यांची ती जीभ बाहेर तशीच होती, लहान मुलाने औषध तोंडात धरावं तशी. मी सगळं सांगितलं. पहिल्या वाटीपासून सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "त्या मंगळवारची?"

"त्यात निम्म्याहून जास्त कंद होता."

"आणि गहू?"

"गहू पेजेत गेला, आई. त्यांच्याच पोटात गेला."

त्यांनी साचा निखाऱ्यावरून काढला आणि उघड्या हाताने काढला. तळहात भाजला. मी पाणी आणलं तर त्यांनी ते ओतून दिलं, आणि स्वतः उठून, धडपडत, हौदावरून दुसरं आणलं. त्या दिवसापासून मी भरलेलं पाणी त्या पीत नव्हत्या. मी आंघोळीला काढलेलं ओतायच्या, मी घडी घातलेलं लुगडं मोडून परत घडी घालायच्या. आमचे हे एकदा तिकडे बघायचे, एकदा इकडे. नऊ वर्षांच्या संसारात मला कुणी हात लावला नव्हता, पण ते ओतलेलं पाणी थोबाडीत मारल्यासारखं लागायचं.

फादर एक रविवार सोडून एका रविवारी येतात. मधल्या गुरुवारीच सासूबाई फादरच्या गावी निघाल्या, दोन कोस, भर उन्हात. त्यांना रस्ता धड दिसत नाही म्हणून मी मागे. खडी टाकलेल्या रस्त्यावर दोनदा ठेचकाळल्या, दोनदा मी हात पुढे केला, दोनदा त्यांनी झटकला.

फादर ओट्यावर बसून मोटरसायकलची साखळी लावत होते. हात काळे. सगळं ऐकून घेतलं आणि चिंधीला हात पुसत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?" मी म्हटलं.

"तू गप्प," सासूबाई म्हणाल्या. आठ दिवसांत माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. "फादर, मला एवढंच सांगा. त्या दिवशी तुम्ही त्यांच्या जिभेवर ठेवलं ते काय होतं? येशू होता का नव्हता?"

"हे बघा आजी, देव काही चकतीला बांधलेला नाही. त्यांच्या मनात इच्छा होती. तेवढी पुरते."

"होता का नव्हता?"

फादर तरुण होते, पण खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी मान खाली घातली. "गव्हाची नसेल तर नाही होत, आजी. नव्हता. पण इच्छा—"

"इच्छा पुरते?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "मग चाळीस वर्षं मी धूर कशाला खाल्ला? इच्छाच करत बसले असते की घरात. पोराच्या तोंडचा दाणा काढून तुमचा डबा भरला मी. नवऱ्याला वाटीभर पेज दिली नाही. माझ्या हाताने नाही दिली, फादर! हिने दिली. आणि आता तुम्ही म्हणता, पुरते?"

फादरनी चिंधी खाली ठेवली. शेवटी म्हणाले, "बाकीच्या घरांना मी सांगेन. तुम्ही नका फिरू. रविवारी नव्या चकत्या लागतील."

परत येताना त्या एका झाडाखाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. नवरा गेला तेव्हा नाही, ते सगळं तिथे रडल्या. मी चार पावलांवर उभी. जवळ जायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. दादा, माझे वडील, खाटेच्या लाकडावर रंधा मारत होते. भुशाचा वास, त्यांच्या भुवयांवर भुसा. म्हटलं, आपल्याकडे तरी काही तोड असेल.

"दादा, ती चकती गव्हाची नव्हती म्हणून काय बिघडलं? सांगा ना मला, म्हणजे मी त्यांना सांगते."

"काय बिघडायचंय? गव्हाची असो नाहीतर मातीची. माणूस तरतो तो विश्वासाने."

"मग बाबा तरले?"

रंधा थांबला. दादांनी धारेवर अंगठा फिरवून बघितला. "भला माणूस होता. पण पाण्यात उतरून नवा जन्म घेतला नव्हता त्याने. मी कसं सांगू?"

"भला माणूस होता एवढं पुरत नाही?"

"नुसत्या भलेपणाने तरता आलं असतं तर येशूने मरायचं कशाला?" ते अगदी प्रेमाने म्हणाले. "तुझ्या सासूला आपल्याकडे आण. अजून वेळ गेलेली नाही."

मी उठले. पाणीसुद्धा न पिता उठले. इकडे आड, तिकडे विहीर. इकडचे म्हणतात भाकर चुकली, तिकडचे म्हणतात माणूसच चुकला. आणि तो माणूस दोघांनाही जेवायला एका घरात बोलावत होता. वाटभर मी मोठ्याने भांडत आले, कुणाशी ते मला माहीत नाही. रस्त्यात भेटलेल्या धनगराने बाजूला होऊन वाट दिली.

घरी येऊन बघते तर सासूबाई माळ्यावर चढलेल्या. डोळ्यांना दिसत नाही आणि शिडीवर! राखेत घोळून ठेवलेल्या गव्हाच्या बियाण्याचं मडकं त्यांनी कवटाळून खाली आणलं. आमचे हे दारात उभे राहिले.

"आई, ते बियाणं आहे."

"माहीत आहे."

"मग पेरायचं काय? माती?"

तीन वाक्यं बोलले ते, त्या दिवशी. सासूबाईंनी मडकं फोडलं नाही, उपडं केलं. राख झटकली, दाणे धुतले, वाळवले आणि जात्याला बसल्या. भाजलेल्या तळहाताचा फोड फुटला, खुंट्याला रक्त लागलं. मी समोर जाऊन बसले आणि दुसऱ्या बाजूने खुंटा धरला. त्यांनी हात झटकला नाही. दोघी मिळून दळलं. शनिवारी त्यांनी एकटीने चकत्या केल्या. मी फक्त फुंकणीने निखारे फुलवले. पिवळसर, पातळ, उजेडाला धरल्या तर पलीकडचं बोट दिसावं अशा. डब्यात भरताना त्या प्रत्येक चकती ओठांजवळ नेऊन वास घेत होत्या.

मला वाटलं, झालं. आता मोकळ्या होतील.

रविवारी त्यांना धरून मी देवळापर्यंत नेलं. मी आत जात नाही, दाराशी उभी राहते. आत पंखे फिरत होते, बाकांवर माणसं दाटलेली, पुढच्या दोन ओळी आमच्याकडेच बघत होत्या. फादरनी लोकांना सांगितलं होतं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, फक्त सासूबाईंच्या शेजारची बाई थोडी सरकून बसली. त्यांना दिसलं नसेल, असं मी मनाला सांगितलं.

फादरनी चकती वर उचलली. घंटा वाजली. लोक ओळीने पुढे गेले. सासूबाईंचा नंबर आला. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." त्यांनी तोंड उघडलं नाही. फादर परत म्हणाले. त्यांनी मान हलवली, हात जोडले आणि चाचपडत बाजूला झाल्या. सात वर्षांच्या होत्या तेव्हापासून एकदाही न चुकलेली बाई.

घरी येईपर्यंत मी कसाबसा धीर धरला. उंबऱ्याच्या आत आले आणि त्यांचे पाय धरले. होय, मी, टाळीवाल्यांची मुलगी, चकतीसाठी पाय धरून बसले. "घ्या हो आई. फादरना बोलावते परत. बियाणं मोडलंत तुम्ही, हात भाजलात, आता कसली शिक्षा करून घेताय? मला करा. मी केलंय ते."

"शिक्षा नाही गं." कितीतरी दिवसांनी तो जुना आवाज आला. "लोकांसाठी करीन मी, जमेल तोवर. मी घेणार नाही."

"पण का?"

"ते तसेच गेले ना. तिकडे ते दाराबाहेर उभे असतील, तर मी एकटी आत जाऊन काय करू? त्रेपन्न वर्षं त्यांच्या आधी जेवले नाही मी."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. त्यांनी भाजलेल्या हाताने माझे केस मागे केले. चूक पोटात घातली की नाही, ते मला अजून माहीत नाही. पाणी मात्र त्यांनी त्या दिवशी माझ्या हातचं घेतलं.

पुढच्या मिस्सेला चकत्यांचा डबा आत देऊन त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. आत जायचंच नाही म्हणाल्या. मीही बसले. पायरी तापली होती, मी पदराची घडी करून त्यांच्याखाली सरकवली. समोर नांगरून ठेवलेली रानं होती, आमचंही त्यातच, पेरायला दाणा नसलेलं. आत गाणं सुरू झालं.

"तुमचंही आत्ताच असतं ना?" त्या म्हणाल्या. "जा की. मी बसते."

"नाही जात."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते.

"तुम्ही लोक थेट बोलता त्याच्याशी. मधे कुणी लागत नाही म्हणे तुम्हाला."

"हो."

"मग विचार ना गं. त्यांना आत घेतलं का, एवढंच विचार."

मी डोळे मिटले. टाळ्या नाहीत, गाणं नाही, शब्दसुद्धा धड नाहीत. बाबांचं नाव घेतलं आणि विचारलं. माझ्या आयुष्यात मी कधी असं काही मागितलं नव्हतं. आतली घंटा वाजली, माणसं गुडघ्यांवर बसल्याचा आवाज आला, एक मूल खोकलं. मी वाट बघत राहिले. हो म्हणाला म्हणून सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. एकदा लपवून बघितलं होतं, त्याचं काय झालं ते शेजारी बसलं होतं.

"काही ऐकू येत नाही, आई," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि आपल्या मांडीवर घेतला.

"मग परत विचार," त्या म्हणाल्या.